७८ टक्के पडले आणि आयटीआय?

"मॅडम, ७८ टक्के पडलेत आणि हा म्हणतो आयटीआयला जायचंय. आता तुम्हीच समजवा."

आई बोलत होत्या. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून बुटाची लेस बघत होता. मी समुपदेशक, दहावीच्या निकालानंतर माझ्याकडे अशा जोड्या बऱ्याच येतात. लोक काय म्हणतील ही काळजी असतेच, पण थोडं खोदलं की खाली दुसरीच निघते: आयटीआय केलं की पुढचं शिक्षण संपलं.

ते तसं नाही. मी कागद ओढला. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. २ + २ + ३, म्हणजे दहावीनंतर ७ वर्षं. बारावी सायन्स करून डिग्री घेणाऱ्याला ६ लागतात. (वेल्डरसारखे काही ट्रेड एकाच वर्षाचे असतात, पुढे डिप्लोमाचा विचार असेल तर ते घेण्याआधी दोनदा विचार करा.)

आई जरा सैलावल्या. मला मात्र गुणपत्रिका बघून वेगळीच शंका आली. गणितात ५१. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळे, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरल्यामुळे, टक्केवारीत ते दडलं होतं.

"मग थेट डिप्लोमाच का नको? दहावीनंतर तीनच वर्षांचं."

बराच वेळ गप्प. मग, "त्यात गणित असतं."

तर हे होतं. त्याला आयटीआय हवं होतं की गणित नको होतं, हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. मी त्याला सरळ सांगितलं, की आयटीआयमध्येही वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे, ड्रॉइंग आहे. आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट गेलास तर पहिल्या वर्षाचं गणित न शिकताच पुढचं समोर येईल. माझ्याकडे आलेली कितीतरी मुलं नेमकी तिथेच अडखळली आहेत. 'पुढे जाता येतं' एवढंच सांगून मुलांना पाठवणारे समुपदेशक मला पटत नाहीत.

फॉर्म भरायच्या आधी दोघांनी एखाद्या आयटीआयचं वर्कशॉप बघून यावं, एवढंच त्या दिवशी ठरलं. ट्रेड त्याने मित्राचं बघून ठरवला होता, इलेक्ट्रिशियन.

आठवड्याने आला तो बोलतच. "मॅडम, फिटरची मुलं दिवसभर एकच लोखंडी तुकडा कानसीने घासतात. मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं ते हत्यार, लावून खिडकीकडे धरतात. खालून उजेड दिसला की परत घासायचं." त्यांच्या निदेशकांनी त्यालाही कानस दिली होती. तळहातावर फोड आला होता, तो त्याने मला दोनदा दाखवला. आई म्हणाल्या, "दीड तास हलला नाही हो तिथून."

मग फॉर्म भरला, पहिला पर्याय फिटर. पहिल्याच पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून क्रम लावायला आम्ही तासभर घेतला. खाजगी संस्था लिहिताना त्या ट्रेडला डीजीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, संलग्नता आहे का, हे आईंनी स्वतः तपासलं. कोर्सनंतरच्या अप्रेंटिसशिपबद्दलही त्यांनीच विचारलं. १९६१चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं, हे सांगितल्यावर त्यांनी ते पर्समधल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात तो येऊन गेला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं जुनं पुस्तक कुणाकडून तरी मिळवलंय म्हणाला. किती झालं, विचारलं तर हसला.

"दुसरा धडा."