आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकायच्या असतील, तर चांगली किंमत येण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीतलं जुनं घर रिकामं करताना माडीवर आजोबांची ट्रंक निघाली. त्यात एक अडकित्ता, तांब्याची चार-पाच नाणी, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि शेजारी एक पितळी घंगाळ. भंगारात घालायला मन होत नाही आणि ऑनलाइन लिलावाचा अनुभव नाही. मी इथेच, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. गेली आठ वर्षं जुन्या घरगुती वस्तू विकते, बहुतेक संग्राहकांच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक ग्रुपवरच्या लिलावांत. त्यातून जे कळलं ते सांगते.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गुळाचे सौदे बघायला जायची. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लागलेली असायची. व्यापारी गुळाचा खडा काढून रंग बघायचे, जिभेवर ठेवायचे आणि मग बोली सुरू व्हायची. कधी कधी वडील घरी येऊन हळहळायचे, "माल एक नंबर होता, पण घेणारा एकटाच उभा होता." शेतकऱ्याचं त्या दिवशी काय झालं असेल ते आम्हाला तेवढ्यावरून कळायचं.

ऑनलाइन लिलावात मला तेच वाक्य रोज आठवतं. वस्तू ज्याला सगळ्यात जास्त हवी असते त्याच्यावर भाव ठरत नाही, त्याच्या मागे जो दुसरा उभा असतो त्याच्यावर ठरतो. ईबे या परदेशी लिलाव साइटवर तर पद्धतच तशी आहे. बोली लावणारा आपली शेवटची रक्कम आधीच भरून ठेवतो, ती कुणाला दिसत नाही, आणि साइट त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा एकाची तयारी ५,००० रुपयांची आहे आणि दुसऱ्याची २,००० ची, तर वस्तू २,००० च्या किंचित वर सुटते. पहिल्याच्या मनातले उरलेले जवळपास ३,००० तुमच्यापर्यंत कधी येतच नाहीत. मग दुसऱ्याला आणखी दोन पावलं पुढे कसं आणायचं, एवढाच विचार विकणाऱ्याने करायचा. तो नागपुरात नाहीतर इंदूरला बसलाय. त्याला खडा मोडून बघता येत नाही. जिथे शंका आली तिथे तो थांबतो.

माझा पहिला अडकित्ता ३०० रुपयांना गेला. सुरुवातीची बोली तीनशेच होती आणि तिच्यावर दुसरी पडलीच नाही. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून रात्री ट्यूबलाइटखाली एक फोटो काढला होता आणि वर लिहिलं होतं, "जुना सुंदर अडकित्ता." पुढच्या वर्षी जवळपास तसाच दुसरा हाती आला. या वेळी सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत, उन्हात नव्हे तर सावलीत, करड्या पुठ्ठ्यावर ठेवून आठ फोटो काढले: बंद, उघडा, दोन्ही बाजू, पात्याची धार, बिजागरीचा खिळा, त्याच्यावरच्या मोराच्या डोक्याची झीज, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. एका मुठीला केसाएवढी चीर होती, तिचा फोटो सगळ्यात जवळून काढला आणि पहिल्याच ओळीत तसं लिहिलं. त्यावर चार जण भिडले आणि १,४५० ला सुटला. घेणाऱ्याने नंतर कळवलं की चीर दाखवली म्हणूनच बाकीच्या वर्णनावर विश्वास बसला.

नावाचाही विचार करा. आपण अडकित्ता म्हणतो, पण हिंदी मुलखातला माणूस सरोता शोधतो आणि गुजराती माणूस सूडी. मी तिन्ही शब्द घालते, शिवाय इंग्रजी नावही. 'दुर्मिळ', 'अँटिक', 'एकमेव' हे शब्द कुणी शोधत नाही. धातू, लांबी, वजन आणि घरात ती वस्तू कुठून आली, हे लिहा. आजोबा काय करत होते, ही वस्तू कशासाठी वापरायचे, हे दोन ओळींत खरं खरं सांगितलं तर संग्राहकाला ते हवं असतं. जे माहीत नाही ते मात्र जुळवून लिहू नका.

सुरुवातीच्या किमतीबद्दल लोक फार घाबरतात. ज्या वस्तूला पाच-सहा हौशी लोक नक्की आहेत, तिची बोली मी कमीपासून लावते, कारण कमी आकडा बघून लोक शिरतात आणि एकदा दोन-तीनदा बोली लावली की वस्तू सोडवत नाही. ज्याला गिऱ्हाईकच एखादं, त्याला लिलाव नकोच. सरळ किंमत सांगून विका. मधल्या वस्तूंना, ज्या रकमेखाली दिली तर रात्री झोप येणार नाही, ती रक्कम सुरुवातीची ठेवा. तुमच्या वस्तूसारख्या वस्तू किती मागितल्या जातात ते बघू नका, किती रुपयांना खरंच सुटल्या ते बघा. एखाद्या ग्रुपवर महिनाभर नुसतं वाचत बसलात तरी अंदाज येतो.

वेळेचं म्हणाल तर मी लिलाव रविवारी रात्री साडेनऊला संपवते, महिन्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात. जेवणं झालेली असतात, पगार झालेला असतो. भारताची मॅच असेल तर पुढे ढकलते. पितृपंधरवड्यात काहीच लावत नाही, कारण जुनी वस्तू त्या दिवसांत घरात आणायला पुष्कळ लोक कचरतात. शेवटच्या दहा मिनिटांत फोन हातात ठेवा. चौकशा तेव्हाच येतात, आणि उत्तर मिळालं नाही तर तो दुसरा माणूस गेला म्हणून समजा.

माझ्या मावसभावाने एकदा सुचवलं होतं, "मी माझ्या फोनवरून बोली चढवतो, तुझा भाव वाढेल." मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. ही फसवणूक आहे, आणि एकदा कुणाच्या लक्षात आली की त्या ग्रुपवर तुमच्या वस्तूला कुणी विचारत नाही. ज्याच्या भरवशावर भाव चढायचा त्याच माणसाला आपण लुबाडायचं, हे मला कधी पटलं नाही.

आता तुमच्या ट्रंकेकडे येते. नाणी घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको. तांब्यावर चढलेला तो काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत पडते आणि ती परत आणता येत नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं दिसली तर ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, असू शकते. तिच्या नकलाही खूप फिरतात. गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, ओळखीच्या सराफाकडून ग्रॅममध्ये नेमकं वजन करून घ्या आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पण ती ग्रुपवर लावू नका. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने १०० वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं असतील तर ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणूनच मी शंभरीच्या आतल्याच वस्तूंना हात लावते. अशी नाणी परवानाधारक लिलाव संस्थेला दाखवा. मुंबई आणि बंगळूरला त्या आहेत, ऑनलाइन बोलीही घेतात. कमिशन जातं, पण खरं-खोटं तपासणारं माणूस मिळतं. आणि हो, भारतातली ईबे साइट ऑगस्ट २०१८ मध्येच बंद झाली. आता इथून तिथे विकायचं म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं, तेव्हा जुन्या वस्तूंसाठी तो रस्ता डोक्यातून काढा.

"जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे फोन फार झाले, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की ती असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही. तसंच, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. गिऱ्हाईक "हा कोड स्कॅन करा, पैसे येतील" म्हणालं की तो सौदा तिथेच मोडा. सैनिक असल्याचं सांगून गोड बोलणारे यात बरेच असतात.

सिनेमाच्या पुस्तिकांवर पत्ता बघा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. तेव्हा प्रभातच्या कागदावर कोल्हापूरचा पत्ता छापलेला असेल, तर तो त्या चार-पाच वर्षांतला असण्याची शक्यता मोठी. असा कागद विकण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दाखवा, असं मी मनापासून सांगेन. आपल्या गावातून सुरू झालेल्या त्या कामाचे कागद आधीच कमी उरलेत. पन्नास-साठच्या दशकातल्या पुस्तिका मात्र खुशाल लावा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका.

घंगाळ लिलावात घालू नका. पाठवणावळीतच फायदा जातो. भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारा, नाहीतर इथल्याच कुणाला बागेसाठी द्या.

पार्सलबद्दल एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी चिनी मातीची बरणी एकाच खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली. पोचली ती तुकड्यांत. कुरिअरवाल्याने हात वर केले, पैसे मी परत दिले. आता मी खोक्यात खोकं घालते, मधे कागदाचे घट्ट गोळे भरते, आणि हलवून बघते. आत काही हललं तर परत उघडते. बांधतानाचा व्हिडिओ काढून ठेवते. पावसाळ्यात कागदी वस्तू दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालते आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबते. जुलै-ऑगस्टमध्ये पाठवायची तारीख पक्की सांगत नाही. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा माझी तीन पार्सलं इथेच अडकली होती. तिघांनाही रोज फोटो आणि निरोप पाठवत राहिले, तिघेही अजून माझ्याकडून घेतात.

तुम्ही अडकित्त्यापासून सुरुवात करा. शंभरीच्या आतला आहे का, ते घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. उद्या सकाळी सावलीत फोटो काढा आणि वर्णन इथेच खाली टाका. मी वाचून, कुठे शंका येते ते सांगते.