परदेशी संग्रहालयांतल्या आपल्या वस्तू परत आल्या, तर आपल्याला त्या सांभाळता येतील का?

प्रश्नाचा शेवट झोंबला म्हणून लिहितोय. शेजाऱ्यानं नेलेली परात परत मागितली, तर तो आधी तुमची मांडणी तपासायला येतो का?

वाघनखांचंच घ्या. २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आली, तीसुद्धा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या उसनवारीवर. सोबतच्या पेटीवर लिहिलंय की ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनी सरकारचा दरबारातला प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या प्रधानानं ती त्याला दिली. पेशवाई बुडाली १८१८ ला आणि डफ साताऱ्याचा रेसिडेंट झाला तोही त्याच वर्षी. ज्याचं राज्य गेलं त्याचा माणूस जिंकलेल्या साहेबाला वस्तू देतो, ही भेट वाटत असेल तर वाटो.

आमच्या घरी हेच झालं. आजोबांकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली दप्तरं, होती. वतनाचे, जमिनीचे, काही नुसतेच हिशेबाचे. एक अभ्यासक आले (नाव लिहीत नाही), आजीच्या हातचं थालीपीठ खाल्लं, "आठवड्याभरात नकला करून आणून देतो" म्हणाले आणि सगळे रुमाल सायकलच्या कॅरिअरला बांधून गेले. ते आता एका संस्थेच्या कपाटात आहेत. बघायला गेलो तर अर्ज द्या, ओळखपत्र दाखवा, फोटोचे पैसे वेगळे. रजिस्टरात आजोबांच्या नावापुढे 'देणगी'. रुमालाच्या कोपऱ्यावर आजीनं लाल दोऱ्यानं घातलेली खूण मात्र तशीच होती.

चुलतबंधू अजून म्हणतात, "नेले ते बरंच झालं, माळ्यावर कसरीनं चाळण केली असती." अहो, दोन पिढ्या त्याच माळ्यावर होते! आजोबा दर उन्हाळ्यात सावलीत पसरायचे आणि वेखंडाची पुरचुंडी घालून पुन्हा बांधायचे. 'तिकडे सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी २०२३ आठवावं. ब्रिटिश म्युझियममधल्या सुमारे २००० वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा मोडलेल्या निघाल्या, संचालक पायउतार झाले.

परत मिळतील का, तर सध्या अवघड. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा कायदा आडवा येतो, म्हणून उसनवारीची पळवाट. कायदे त्यांच्याच संसदेनं केलेत, बदलायचे तर तिनंच.

हां, तिकडची प्रत्येक वस्तू लुटीची नाही, बऱ्याच रीतसर विकतही घेतल्यात. आणि ही वाघनखं महाराजांचीच, असं ते संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून एकेका वस्तूचे कागद मागा, सरसकट घोषणा नकोत.

तुमच्या घरी जुने कागद असतील तर देण्याआधी स्कॅन करा आणि नेणाऱ्याकडून सहीची पोच घ्या. "एवढा विद्वान माणूस, पोच कशी मागायची?" म्हणणारा एक भाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला तेवढा वेळ चहा टाकायला पाठवा.