निळा आरसा की तपकिरी काच?

मासेमारीला निळ्या आरशाचा, म्हणजे काचेवर बाहेरून आरशासारखा चकचकीत निळा थर असलेला गॉगल घातला तर सगळं निळं दिसेल का, असं विचारलंत. नाही दिसणार. तो निळा समोरच्याला दिसतो. तुम्हाला दिसतो आतल्या काचेचा रंग. आरशाचा थर थोडा प्रकाश बाहेरच परतवतो, म्हणून तीच काच जरा गडद वाटते. भर दुपारी खडकावर गळ टाकून बसायचं तर ते बरंच आहे. पहाटे किंवा ढगाळ दिवशी नको वाटतं.

पाण्यावरची चकाकी कापतो तो पोलराइज्ड थर, आरसा नव्हे. पाण्यावरून परतलेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेत कंप पावतो आणि हा थर तोच अडवतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून तिरकं पाहिलं की फरक सगळ्यात जास्त. अगदी सरळ खाली वाकून पाहाल तर जवळजवळ नाहीच. आणि खाडी गढूळ असेल तर कितीही महागडा गॉगल तळ दाखवणार नाही!

उथळ पाण्यासाठी तांबूस-तपकिरी काच घ्या. खडक, शेवाळ, वाळू वेगवेगळी उठून दिसतात. होडीने खोल समुद्रात जाणार असाल तर राखाडी, रंग फारसे बदलत नाहीत.

घेताना दुकानातल्या कॅल्क्युलेटरसमोर गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळवंडली तर पोलराइज्ड. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, वेगळं विचारा, ते पोलराइज्ड थरात आपोआप येत नाही. खारं पाणी उडालं की आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच पुसा. आरशावर ओरखडे लगेच दिसतात.