चेक-इन बंद पडतं म्हणजे नेमकं काय बंद पडतं?

मुलगी मुंबईहून लंडनला निघालीय, आणि तिथल्या हीथ्रो विमानतळावरच्या सायबर हल्ल्याचं वाचून तुम्ही विचारलंत की हॅकर विमानच पाडतील का, आणि आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर असं झालं तर काय. पहिली धास्ती सोडा ओ. सप्टेंबर २०२५ मध्ये दणका बसला तो चेक-इन काउंटरला.

हीथ्रो, ब्रुसेल्स आणि बर्लिन एकदमच अडकले, कारण तिन्हीकडे कॉलिन्स एरोस्पेस या कंपनीचं 'म्यूज' हे चेक-इनचं सॉफ्टवेअर. एकच काउंटर सकाळी एका एअरलाइनला, दुपारी दुसरीला वापरता यावा म्हणून ते असतं. खर्च वाचतो, पण सिस्टीम अडकवून खंडणी मागणाऱ्या हॅकरला एकच कुलूप फोडलं की पुरतं. ब्रुसेल्सवर तर सोमवारची जवळपास निम्मी उड्डाणं रद्द करावी लागली.

खंडणीचे पैसे देऊन मोकळं का होत नाहीत, असंही इथं कुणीतरी विचारलंय. सिएटल विमानतळाकडे २०२४ मध्ये हॅकरांनी १०० बिटकॉइन मागितले, क्वालालंपूर विमानतळाकडे मार्च २०२५ मध्ये १ कोटी डॉलर. दोघांनीही नकार दिला. माझ्या मते बरोबरच केलं. पैसे घेतल्यावर चोरलेला डेटा हॅकर खरंच पुसेल, याची हमी कोण देणार?

आणि हो, जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरले, तो हल्ला नव्हताच. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं बिघडलेलं अपडेट होतं ते.

सिस्टीम गेली की काउंटरवर छापील यादी येते. नावापुढे खूण करायची, सीटच्या तक्त्यावरचा १२ए चा स्टिकर सोलून पासवर चिकटवायचा, म्हणजे ती सीट दुसऱ्याला जात नाही. बॅगेचा टॅगही पेनानेच. आपल्या गोव्याच्या छोट्या एटीआर विमानाला सत्तरेक माणसं, तेवढी अशी सहज निघतात. मोठ्या जेटची तीनशे माणसं आणि मागे त्याच काउंटरवर पुढची फ्लाइट, तिथं रांग दाराबाहेर जाते.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. सोलापूर-मुंबई आणि मुंबई-लंडन ही तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील, तर पहिलं विमान रखडल्यावर दुसरी एअरलाइन हात वर करते. मी तरी तिला आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने पाठवेन. वेब चेक-इन घरूनच करा, पास मोबाइलवर ठेवा आणि कागदावरही काढा. औषधं, कॉलेजचे कागद, एक जोड कपडे केबिन बॅगेत.

असा गोंधळ झाला की 'रिफंड देतो' म्हणणारे फोन सुरू होतात, त्यांच्यापासून जपा. गुगलवर सापडलेल्या नंबरवर ओटीपी देऊ नका, एअरलाइनच्या ॲपमधूनच बोला. चुकून पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.