शोरूमच्या दिव्यांत सगळंच चकाकतं

प्रश्न : मर्सिडीजची एस-क्लास, बीएमडब्ल्यूची ७ सीरीज आणि लेक्सस एलएस, तिन्ही गाड्यांत बसून पाहिलं. आतून तिन्ही सुंदरच वाटल्या. दर्जातला फरक ओळखायचा कसा?

उत्तर : गाड्यांच्या सीट शिवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माझा हात आधी शिवणीवर जातो. सीटच्या कडेची दुहेरी शिलाई बोटाने चाचपा. वळणावर दोन ओळींमधलं अंतर कमीजास्त झालं, की कारागिराची घाई कळते. मग दाराच्या खालच्या कप्प्यात हात घाला. वर मऊ चामडं आणि तिथे खरखरीत प्लास्टिक असेल, तर काटकसर कुठे केली ते समजलं!

आता तुमच्या तीन गाड्या. २०२० च्या एस-क्लासमध्ये मधोमध १२.८ इंची ओएलईडी (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा) पडदा आला आणि बरीच बटणं गेली. २०२२ च्या ७ सीरीजमध्ये मागच्या प्रवाशांसाठी छतातून ३१.३ इंची पडदा उतरतो. थाट मोठा, पण पडदे लवकर जुने दिसतात. एलएसमध्ये दारांवर हाताने घातलेल्या चुण्यांचं कापड आणि जपानी किरिको पद्धतीची, म्हणजे नक्षी कोरलेली काच मिळते, तीही वेगळ्याने निवडायच्या सजावटीत. माझं मन तिथेच अडकतं. आता मी शिवणारा माणूस, पक्षपात होणारच.

चकचकीत काळा प्लास्टिक पट्टा मात्र कुठल्याही गाडीत नको. माझ्या गाडीतल्या पट्ट्यावर फडक्यानेच ओरखडे उमटले.

आणि हो, मागे बसणार कोण, ते तुम्ही कळवलंच नाहीत.