'वारिओवेअर टच्ड' नव्याने खेळणाऱ्यासाठी

भाऊ, पाच-पाच सेकंदांत हरतोस म्हणून नाराज होऊ नको. २००४ चा हा निन्टेन्डो डीएसवरचा (हातात धरायच्या, टचस्क्रीनवाल्या गेमयंत्रावरचा) खेळ सुरुवातीला सगळ्यांनाच गोंधळवतो. यात काही सेकंदांचे छोटे छोटे खेळ एकामागून एक येतात.

मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्येक खेळाआधी स्क्रीनवर झळकणारा हुकूम वाचत बसू नको, आधी तो खेळ कोणत्या पात्राचा ते ओळख. बहुतेक पात्रांच्या खेळांत स्क्रीनवर करायची क्रिया ठरलेली आहे: मोनाकडे कापायचं, जिमीकडे घासायचं, ॲशलीकडे ओढायचं, डॉक्टर क्रायगोरकडे गोल फिरवायचं. हे डोक्यात बसलं की फक्त कुठे ते बघायचं राहतं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- स्टायलस (स्क्रीनवर टेकवायची काडी) जोरात रेटणं. हा स्क्रीन दाबावर चालतो, पण हलका दाब पुरतो. बॉलपेन तर अजिबात नको, कायमचा चरा पडतो.
- धूळ न पुसणं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्क्रीनवर फुफाटा बसतोच, आणि घासायच्या खेळात तोच काचकागदासारखा लागतो. आधी मऊ कोरडं फडकं फिरव.
- माइक नावाच्या पात्राचे खेळ कूलरसमोर खेळणं. तिथे मायक्रोफोनवर फुंकायचं असतं. कूलरचा वारा लागला की यंत्राला तीही फुंकरच वाटते. पाठ कर कूलरकडे.

स्टायलसचं टोक एकीकडे आणि खूण दुसरीकडे उमटत असेल, तर डीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन पुन्हा जुळवून घे. दोष तुझ्या हाताचा नाही.

चार जीव मिळतात. बॉस, म्हणजे पात्राचा शेवटचा मोठा खेळ, जिंकलास तर गेलेला एक जीव परत येतो, म्हणून तिथे घाई नको. त्याला पाच सेकंदांची कात्री नसते. विक्रमांचं नंतर बघू, आधी सगळी पात्रं उघड.