खोडण्याआधी विचार

प्रिय पोरी,

"मला शिकवायला जमतच नाही, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरते" असं म्हणून तू फोन ठेवलास. परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून हे पत्र.

धीर देत बसणार नाही. तुला पोरांची माया आहे, तुझं पाठाचं टाचण कधी कोरं नसतं. परवा दिवसभर तुझ्या तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसले, तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

गणिताच्या तासाला तू फळ्यावर 52 वजा 27 घातलंस. अर्ध्याअधिक पोरांनी 35 लिहिलं. तू भराभर लाल फुल्या मारल्यास, फळ्यावर दशक सुटा करून उदाहरण सोडवून दाखवलंस आणि सगळ्यांनी 25 उतरवून घेतलं. मग 61 वजा 38 दिलंस, तर त्याच पोरांनी 37 लिहिलं. तिथे तुझा चेहरा पडला.

अगं, एकाच वर्गात इतक्या जणांचं 35 येतं, पुढच्या उदाहरणात त्याच जणांचं 37 येतं, म्हणजे ती पोरं अंदाजपंचे लिहीत नाहीत. त्यांच्याकडे एक रीत आहे, आणि ती पक्की आहे. ती कुठली, हे कळायला एकच वाट: कसं केलंस, असं विचारायचं. दिवसभरात तू एकदाही कुणाला ते विचारलं नाहीस.

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर मी विचारलं. तो शेवटच्या रांगेतला पोरगा, पाडव्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीवरून परतलेला. म्हणाला, "दोनातनं सात जात न्हाईत. मोठ्यातनं बारकं जातंय, म्हून सातातनं दोन काढले." एकक-दशक असे दोन वेगळे खांब त्याच्यासाठी नव्हतेच, प्रत्येक जोडी सुटी. तुझ्या कपाटातले दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे त्याने लगेच दिले. मग हातातल्या दोन काड्यांकडे पाहत थांबला. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मोळी सोडावी लागंल." सोडली, सात मोजून दिल्या आणि उरलेल्या मला न विचारताच सांगितल्या: पंचवीस.

फडात बापामागे उसाच्या मोळ्या बांधू लागलेलं पोर आहे ते. सुटं करायचं म्हणजे काय, हे त्याला समजावण्याची गरज नव्हती. ते त्याच्याकडे होतंच, तुझ्या फळ्यापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच. आणि त्याच्या वहीवर तुझी लाल फुली होती.

आता तू म्हणशील, बाई, एवढा वेळ कुठे आहे? दोनशिक्षकी शाळा, दोन इयत्ता जोडून, वर ऑनलाइन माहिती भरायची, मानधन 16,000. सगळं खरं आहे. पण तीच फुली रोज मारण्यात जातो तो वेळ कुणाचा? पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला 200 दिवस आणि 800 तास धरलेत. एका पोराला कसं केलंस विचारायला दोन मिनिटं पुरतात. रोज तिघांना विचार. सगळ्यांना एकाच दिवशी विचारायला कोण सांगतंय?

माझा अभ्यासक्रम मागे असायचा. त्यावरून शेरे आले, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत उभं करून विचारणा झाली. मला शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 वाचून दाखवलं जायचं: शिक्षकाने ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करावा. मी त्याच कलमातलं लगेच पुढचं वाक्य वाचून दाखवायचे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि गरजेप्रमाणे जादा शिकवावं. दोन्ही कामं एकाच कलमात आहेत. पहिलं सगळ्यांना पाठ असतं. मी दुसरं धरून बसले, आजही बसेन. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 साली आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, हिशेब करता यावा म्हणून. मग वेगळं काय सांगितलं त्यात? चाचणी घेऊन रकाने भरले की मूल कुठे आहे ते कळतं, तिथे का अडलंय ते कळत नाही. ते त्याला विचारावंच लागतं.

फक्त वजाबाकीत नव्हे. एकोणचाळीस सांगितलं की पोरं 49 लिहितात. चाळीस ऐकलंय, 'एकोण' म्हटलं की शेवटी नऊ येतो हेही ठाऊक आहे, मग त्यांनी दुसरं काय लिहावं? 2019 साली दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा राज्यभर किती गदारोळ झाला. भाषा बुडाली म्हणणारे फार होते. 49 लिहिणाऱ्या पोराशेजारी बसून त्यांच्यातल्या किती जणांनी विचारलं असेल, बाळा, कसं लिहिलंस?

एक हळहळ मात्र माझी आहे. पोरांनी दिलेली ही उत्तरं मी कधी लिहून ठेवली नाहीत. त्या त्या वेळी कळलं, पुढे गेले. आज तुला द्यायला माझ्याकडे एक भरलेली वही असती, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. म्हणून शंभरपानी वही घे. डाव्या पानावर पोराचं उत्तर, उजव्या पानावर ते पोर काय म्हणालं ते, त्याच्याच शब्दांत. "म्हून" म्हणालं तर "म्हून" लिही. सुधारू नकोस.

आणि विचारताना आवाज सांभाळ. पोलिसासारखं "कसं केलंस?" विचारलंस की पोर पहिल्यांदा खोडरबर शोधतं. म्हणून बरोबर आलेल्यालाही विचार. बरोबर उत्तरामागेही कधीकधी शेजारच्याची वही असते.

फॉर्म भरायचा तर भर, माझी ना नाही. जाशील तिथे चांगलंच काम करशील. पण वर्गात आहेस तोवर हे कर. सोमवारी 70 वजा 46 दे. कुणी 36 लिहील, त्याने सहातून शून्य काढलं असेल. कुणी 30, त्याला वाटत असेल शून्यातून काही जात नाही म्हणजे शून्यच. कुणी 34, त्याने दशक सुटा केला पण सातचे सहा करायचे राहिले. हे माझे तर्क, तुझी पोरं याहून वेगळंही सांगतील. फुली कुणालाच मारू नकोस. तिघांना जवळ बसव, विचार, आणि काय म्हणाली ते मला फोनवर नको, वहीचं पान लिहून पाठव.

तुझी,
बाई